परतलेली गाठ आणि फेकलेले पाणी

निवृत्तीनंतर डॉ. कमल रणदिवे अकोले तालुक्यात काम करू लागल्या ते कुपोषणावर. सत्यनिकेतन या संस्थेच्या जोडीने त्यांनी इथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची तपशीलवार माहिती जमवली. भंडारदरा, राजूर, रतनवाडी, घाटघर हा सगळा मुलूख याच तालुक्यातला. बाईंची आधीची सारी कारकीर्द मात्र कर्करोगाच्या पेशींमध्ये गेली होती. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या रणदिवे यांनी मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन केले. पुढे बाल्टिमोरला त्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. ‘हेला’ पेशी वाढवून जगप्रसिद्ध झालेले ते हेच. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. गाठीतली पेशी काचेच्या बशीत जिवंत ठेवायची, वाढवायची आणि तिच्यावर औषध घालून काय होते ते पाहायचे, ही शिस्त भारतात तिथून रुजली.

प्रयोगशाळेतली बशी आणि अकोल्याचा डोंगर ही दोन टोके एकाच माणसाने धरल्याची उदाहरणे फार नाहीत. आज ती टोके सुटलेलीच आहेत. औषधाने विरलेली गाठ काही महिन्यांनी उलटते ती कशामुळे, याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग पुण्यात शोधला गेला. त्याला दीड दशक होऊन गेले. पण जिच्या पोटात ती गाठ परतते, तिच्या उपचाराच्या फायलीत या उत्तराची खूण सहसा सापडत नाही. त्याचा दोष एकट्या शास्त्रज्ञांचा नाही आणि एकट्या डॉक्टरांचाही नाही. आपली व्यवस्था केमोच्या शेवटच्या सलाइनबरोबर उपचार संपले असे मानते, खोट तिथे आहे.

अंडाशयाच्या कर्करोगाचेच घ्या. हा रोग बहुतेकदा उशिरा कळतो. पोट फुगते, भूक मंदावते, अपचन होते. बाई महिनोन्‌महिने ओवा आणि सोड्यावर काढते. पोटात पाणी झाले की मग धावपळ सुरू होते. शस्त्रक्रिया आणि तीन-तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल यांचे सहा डोस, हा रूढ उपचार. तो बऱ्यापैकी चालतोही. रोग पसरलेल्या दहा जणींपैकी साधारण सात-आठ जणींची गाठ या औषधांना दाद देते. सोनोग्राफी स्वच्छ येते, रक्तातले सीए-१२५ हे खूणप्रथिन खाली उतरते, घरात पेढे वाटले जातात. आणि तरीही यातल्या बहुतेकींचा रोग दोन-तीन वर्षांत परततो. शेवटच्या डोसानंतर सहा महिन्यांच्या आतच परतला, तर तो कार्बोप्लॅटिनसारख्या प्लॅटिनमच्या औषधांना जुमानत नाही असे डॉक्टर धरतात, आणि तिथून पुढे हातातली औषधे झपाट्याने कमी होत जातात.

या औषधांचा एक धागा खानदेशात जातो. पॅक्लिटॅक्सेल शोधणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, मूळचे नंदुरबारचे. १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले वाणी अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर झाडांच्या साली उकलत बसले. १९७१ साली यू वृक्षाच्या सालीतल्या टॅक्सॉलची, म्हणजेच पॅक्लिटॅक्सेलची, रचना त्यांनी जगापुढे मांडली. त्याआधी १९६६ मध्ये याच जोडीने एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळे केले होते. त्याच्यापासून बनलेले टोपोटेकान हे औषध अंडाशयाचा कर्करोग उलटल्यावर देतात. हेच कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात भरपूर सापडते, आणि म्हणून त्या झाडाची बेसुमार तोड झाली, तो वेगळाच दुःखद विषय. मुद्दा असा, की पहिल्या फेरीचे औषध आणि हरल्यानंतरचे औषध, दोन्हींच्या मुळाशी नंदुरबारचा माणूस आहे. वाणी २०२० मध्ये गेले. खुद्द महाराष्ट्रात त्यांचे नाव किती शाळांत सांगितले जाते, हा प्रश्न विचारायची सोय नाही.

औषध चांगले, लागूही पडलेले. मग फसते कुठे?

पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पोटातले पाणी घेतले आणि त्यातल्या पेशी एकेक वेगळ्या करून वाढवल्या. प्रत्येक पेशीपासून झालेली प्रजा निराळी ठेवली. अशा १९ वंशावळी टिकल्या. वरवर पाहता सगळ्या एकाच गाठीच्या. पण सुरुवातीला त्यांतली एकच उंदरात नवी गाठ उभी करू शकली. दुसरी एक वंशावळ पुढे, प्रयोग चालू असतानाच, त्या वाटेला लागली. २००५ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. सगळी गाठ सारख्याच ताकदीची नसते, तिच्यातल्या मोजक्या पेशींमध्ये मूलपेशींचे गुण असतात आणि रोग पुन्हा उभा करायची धमक त्यांच्यात असते, ही कल्पना रक्ताच्या कर्करोगात टोरांटोच्या जॉन डिक यांनी नव्वदच्या दशकात मांडली होती. अंडाशयाच्या कर्करोगात ती दाखवणाऱ्या पहिल्या कामांत पुण्याचे हे काम मोजले जाते.

पण मूलपेशींचे गुण येतात कुठून? इथे थोडे जीवशास्त्र सोसावे लागेल. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. आतड्याची पेशी आणि डोळ्याची पेशी वेगळी निघते, कारण दोघींत वाचली जाणारी जनुके वेगळी. कोणते जनुक वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, हे ठरवणारी काही प्रथिने असतात. ती थेट डीएनएवर जाऊन बसतात. शास्त्राच्या पुस्तकात त्यांना प्रतिलेखन घटक म्हणतात, आणि माणसात ती सुमारे सोळाशे आहेत. त्यांची ताकद किती, हे जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली दाखवले. ऑक्ट३/४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक या चार प्रथिनांची जनुके त्यांनी उंदराच्या कातडीतल्या साध्या पेशींत घातली, आणि त्या पेशी आपला जन्मभराचा धंदा विसरून गर्भातल्या मूलपेशींसारख्या झाल्या. २०१२ चे नोबेल त्यासाठी मिळाले. या चारांतले सी-मिक तर कर्करोग घडवणारे जनुक म्हणून आधीपासूनच बदनाम होते. गर्भाची पेशी आणि गाठीची पेशी यांची सोयरीक तेव्हा उघड झाली.

बापट यांच्या गटाचे २००९ सालचे काम इथे नेमके येऊन मिळते. स्नेल आणि स्लग अशी दोन प्रथिने आहेत. गर्भ घडताना काही पेशींना आपला थर सोडून दुसरीकडे जायचे असते, तेव्हा ही कामी येतात. मोठेपणी त्यांना फारसे काम उरत नाही. पुण्यात असे दिसले, की अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर किरणोत्सर्गाचा किंवा पॅक्लिटॅक्सेलचा मारा झाला, की स्नेल-स्लग जागी असलेल्या पेशी तगतात. ही प्रथिने एकाच वेळी दोन कामे करतात. पेशीचे नुकसान झाल्यावर तिला मरणाचा हुकूम देणारे पी५३ नावाचे प्रथिन आहे, त्याचा हुकूम ती अडवतात; आणि स्वतःसारखी प्रजा काढत राहण्याची जी जनुके मिटलेली असतात, ती उघडू देतात. मरण टळते आणि मूलपेशीचा स्वभाव परत येतो. योगायोग पाहा: त्याच २००९ साली ‘नेचर’मध्ये जगातल्या पाच निरनिराळ्या गटांनी दाखवून दिले, की यामानाकांच्या प्रयोगात साधी पेशी मूलपेशी होताना तिला अडवणारे मुख्य प्रथिन पी५३ च असते. म्हणजे निरोगी पेशीला मागे वळू न देणारा पहारेकरी जो, तोच गाठीत आधी आडवा पाडला जातो.

अशी पेशी औषधाला पुरून उरते त्याच्या इतरही वाटा आहेत. तिच्या आवरणावरचे पंप औषध आत आल्या आल्या बाहेर फेकतात. डीएनएची मोडतोड ती झटपट सांधते. आणि मुख्य म्हणजे ती दुभंगतच नाही, निपचित राहते. केमोची बहुतेक औषधे दुभंगणाऱ्या पेशींनाच पकडतात. भंडारदऱ्याच्या बाजूला भाताचे रोप टाकण्याआधी शेतकरी राब भाजतात, तेव्हा वरच्या थरातले तणाचे बी जळते, पण खोल मातीत निजलेल्या बियांना त्या आगीची आच पोचत नाही. औषधाचे असेच काहीसे होते. मुंबईजवळ खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक आहे. तिथल्या डॉ. पृथा रे यांच्या गटाने २०१७ मध्ये आणखी अडचणीची गोष्ट नोंदवली: प्लॅटिनमला सरावलेल्या पेशींवर पुन्हा सिस्प्लॅटिन टाकले, तर त्यांतल्या मूलपेशीवजा पेशींचे प्रमाण वाढते. त्याच वर्षी अमेरिकेत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातही सॉक्स२ चा असाच पराक्रम दिसला. हार्मोनचे काम रोखणारे औषध दिल्यावर गाठीतल्या काही पेशींनी आपली जातच बदलली. ज्या हार्मोनवर घाव घालायचा, त्याची गरजच त्यांनी ठेवली नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की या मूलपेशी शोधून मारल्या की झाले. वर्तमानपत्रांतले मथळे असेच असतात. प्रकरण इतके सरळ नाही, आणि ते तसे सांगितले जाते म्हणूनच रुग्णांची फसगत होते.

मूलपेशीच्या सिद्धान्ताला पहिला मोठा धक्का २००८ साली बसला. तोवर समज असा, की गाठीत लाखातली एखादी पेशीच रोग उभा करते. अमेरिकेत शॉन मॉरिसन यांच्या गटाने त्वचेच्या मेलानोमातल्या पेशी अगदी दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या उंदरांत घालून पाहिल्या, तर जवळपास चारातल्या एका पेशीने गाठ उभी केली. दोष पेशीचा की उंदराचा, असा वाद पेटला. २०१० मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत दिसले, की औषधातून तगलेल्या पेशींना काही काळ औषधाविना वाढवले, तर त्यांची प्रजा पुन्हा त्याच औषधाला बळी पडते. जनुकात कायमचा बदल झालेला नव्हता, तात्पुरता पवित्रा होता. आणि २०१४ साली मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमात चार प्रतिलेखन घटक घातल्यावर साध्या झालेल्या पेशी पुन्हा मूलपेशीसारख्या वागू लागल्या.

या सगळ्याचा मेळ घातला, तर निदान बऱ्याच गाठींत मूलपेशीपण ही अवस्था आहे, पेशी तिच्यात शिरते आणि बाहेरही येते. औषधाचा मारा हेच शिरण्याचे एक निमित्त. मग एका मुद्द्यावर तरी दुमत नसावे. तीन वर्षांपूर्वी, केमोच्या आधी, काढलेल्या गाठीचा अहवाल हा त्या गाठीचा तेव्हाचा स्वभाव सांगतो. औषधाच्या मार्‍यातून तगून परतलेली गाठ वेगळी असते. तिला पुन्हा तपासले पाहिजे. पण आपल्याकडे रोग उलटल्यावर बहुतेक वेळा स्कॅन होतो, रक्त तपासले जाते, आणि पुढचे औषध जुन्या कागदावरूनच ठरते.

पुन्हा तपासून आज हातात काय पडते, असा रास्त प्रश्न कर्करोगतज्ज्ञ विचारतील. स्नेल किंवा सॉक्स२ मोजून औषध ठरवायचा पुरावा अजून नाही, तेव्हा ते मोजून ठरवूही नये. पण इतर बरेच काही पडते. डीएनए सांधणाऱ्या बीआरसीए जनुकात दोष असलेल्या बायकांना ओलापॅरिब हे औषध मोठा आधार देते. एका मोठ्या चाचणीत पहिल्या केमोनंतर ते घेणाऱ्या ६७ टक्के बायका सात वर्षांनीही हयात होत्या, न घेणाऱ्यांत हे प्रमाण साडेशेहेचाळीस टक्के होते. मात्र गाठ कधीकधी ते बिघडलेले जनुक स्वतःच दुरुस्त करून घेते, हे २००८ सालापासून माहीत आहे. दुरुस्ती झाली की प्लॅटिनमही चालत नाही आणि ओलापॅरिबही. ही दुरुस्ती जुन्या नमुन्यात कशी दिसणार? अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेले मिर्वेटुक्सिमॅब हे महागडे औषध गाठीवर फोलेट रिसेप्टर पुरेसा आहे की नाही हे पाहूनच देतात. आणि आपल्या देशात तर आणखी एक साधे कारण आहे. पोटाच्या क्षयातही पोटात पाणी होते आणि सीए-१२५ चढते. परतला तो कर्करोगच, हे सिद्ध न करता केमो सुरू करणे परवडणारे नाही.

प्रतिलेखन घटकांवर थेट औषध बनवणे इतके अवघड का, हेही सांगायला हवे. औषधाचा रेणू प्रथिनातल्या एखाद्या खोबणीत जाऊन बसतो आणि त्याचे काम थांबवतो. या प्रथिनांना बहुधा तशी खोबणच नसते. शिवाय आतड्याचे अस्तर, केसांची मुळे, रक्त या सगळ्यांची रोजची भर मूलपेशींवर चालते. सरसकट मारा केला तर रुग्णच कोलमडेल. नॅपाबुकॅसिन हे औषध कर्करोगाचा मूलपेशीपणा मोडणारे म्हणून मोठ्या अपेक्षेने आले आणि जठर व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या अंतिम टप्प्यातल्या चाचण्यांत निकामी ठरले. त्या अपयशाच्या बातम्या मराठीत फारशा छापून आल्या नाहीत. अपेक्षेच्या आल्या होत्या.

जिथे यश आले तिथे मात्र ते डोळे दिपवणारे आहे. रक्ताच्या कर्करोगाचा एपीएल नावाचा प्रकार पूर्वी काही दिवसांत रुग्णाला न्यायचा. त्याच्या मुळाशी दोन जनुके तुटून जोडल्यामुळे तयार झालेला एक विकृत प्रतिलेखन घटक असतो, आणि तो पेशीला वयातच येऊ देत नाही. चिनी डॉक्टरांनी अ जीवनसत्त्वापासूनचे रेटिनॉइक आम्ल आणि सोमल, होय, विषाच्या कथांमधला तोच सोमल, यांचा वापर केला. रेटिनॉइक आम्लाने पेशी वयात येऊ लागल्या आणि सोमलाने ते विकृत प्रथिनच मोडीत काढले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. विक्रम मॅथ्यूज यांच्या गटाने तर एकट्या सोमलावर रुग्ण बरे करून दाखवले, ते महाग उपचार न झेपणाऱ्या कुटुंबांसाठी फार मोठे काम होते. इटालियन आणि जर्मन डॉक्टरांनी २०१३ साली जाहीर केलेल्या चाचणीत केमोशिवाय, फक्त या दोन औषधांवर, कमी-मध्यम धोक्याच्या ९७ टक्के रुग्णांची दोन वर्षे निर्वेध गेली. मूत्रपिंडाच्या कर्करोगात एचआयएफ-२ अल्फा या घटकात खोबण सापडली, आणि २०२१ मध्ये बेल्झुटिफान बाजारात आले. म्हणजे हे दार कायमचे बंद नाही. पण ते पुन्हा उघडायचे तर रुग्णाच्या पेशी हातात हव्यात, नीट राखलेल्या हव्यात.

मधल्या काळात ‘स्टेम सेल’ या शब्दावर दुकाने थाटली गेली आहेत, त्यांच्याबद्दल एक सूचना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आजारांसाठीचे प्रत्यारोपण. देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटा रुग्णालयात १९८३ साली केले, ते याच जातीचे. बाकी जे काही आहे ते चाचणी म्हणून, पैसे न घेता, परवानगीने करायचे असते. अंडाशयाच्या गाठीवर मूलपेशींचे इंजेक्शन विकणारा कुणी भेटला, तर त्याच्याकडून पावती नव्हे, नैतिक समितीचे मंजुरीपत्र मागावे.

आता भंडारदऱ्याकडे. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, साम्रद या धरणाभोवतीच्या गावांतली बाई मोठ्या रुग्णालयात जायची म्हणजे आधी घोटी गाठते. तिथून महामार्गाने नाशिक, नाहीतर इगतपुरीहून रेल्वेने मुंबई. परळचे टाटा रुग्णालय दीडशे किलोमीटरपेक्षा लांब; जिल्ह्याचे अहिल्यानगर जवळपास तितकेच दूर आणि उलट्या दिशेला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे केमोचा खर्च तरी निभावतो. पण केमो संपल्यावर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचे असते. ते भाडे, तो बुडालेला रोज, सोबतीला आलेल्या माणसाचा बुडालेला रोज यांचा हिशेब कोण धरतो? जुलैत आवणी चालू असते, घाटघरच्या बाजूला पाऊस उसंत देत नाही, आणि बाईला तर बरे वाटते आहे. एक तारीख चुकते. मग दुसरी.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे गावोगावी सीए-१२५ ची सोय करा. तो अर्धवट आहे. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत असे दिसले, की कोणतीही तक्रार नसताना केवळ हा आकडा चढला म्हणून लगेच केमो सुरू केलेल्या बायका, त्रास सुरू झाल्यावर केमो घेतलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. उलट त्यांचे आयुष्य केमोच्या त्रासात जास्त गेले. तेव्हा रक्ताच्या चाचण्यांचे शिबिर भरवून फोटो काढण्यात हशील नाही. हवे आहे ते असे, की पोट पुन्हा फुगू लागल्यावर बाई आठवडाभरात कुणाला तरी दाखवील, आणि त्या कुणाला तरी पुढे काय करायचे हे ठाऊक असेल.

रोग उलटलेल्या अनेक जणींच्या पोटात पुन्हा पाणी होते. श्वास लागतो, म्हणून जवळच्या रुग्णालयात सुईने ते पाणी काढतात. दोन लिटर, तीन लिटर. बाईला आराम पडतो, आणि पाणी बादलीतून मोरीत जाते. पुण्यातल्या २००५ सालच्या सगळ्या शोधाचा कच्चा माल पोटातले असेच पाणी होते. त्यात हजारो पेशी तरंगत असतात, केमोतून तगलेल्या, म्हणजे ज्यांच्याबद्दल जगाला सर्वांत कमी माहिती आहे अशा. ते पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ फॉर्मेलिनमध्ये घातला आणि मेणात पुरला, की त्याचा ‘ब्लॉक’ तयार होतो. टाटा रुग्णालयात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा शब्द पाठ असतो, कारण ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ हे पहिले वाक्य तिथे ऐकावे लागते. ब्लॉकला बर्फ लागत नाही. साध्या कपाटात तो वर्षानुवर्षे टिकतो, पाकिटात घालून कुठेही पाठवता येतो. शस्त्रक्रियेची किंवा मोठ्या यंत्राची गरज नसलेली ही बायोप्सी आहे, आणि ती तालुक्याच्या पातळीवर सुरू होऊ शकते.

त्यासाठी बाईची परवानगी मात्र नीट घ्यायला हवी. ‘हेला’ पेशी ज्यांच्या गाठीतून आल्या, त्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी १९५१ साली त्यांना न विचारता घेतल्या गेल्या, आणि त्यांच्या कुटुंबाला ते कित्येक वर्षे कळलेही नाही. महादेव कोळी किंवा ठाकर समाजातल्या बाईपुढे इंग्रजी फॉर्म ठेवून अंगठा उठवणे याला परवानगी म्हणत नाहीत. पाणी कशासाठी ठेवणार, कुठे जाणार, तिला त्यातून लगेच काही मिळणार की नाही, हे तिच्या बोलीत सांगणारी आशा ताई त्या टेबलाशी हवी, आणि त्या कामाचा मोबदला तिला वेगळा मिळायला हवा.

राष्ट्रीय कर्करोग जाळे, म्हणजे नॅशनल कॅन्सर ग्रिड, २०१२ पासून आहे आणि टाटा स्मारक केंद्र ते चालवते. त्यात देशभरातली शेकडो रुग्णालये आहेत. पुण्यात पेशीविज्ञान केंद्र आहे, खारघरला अॅक्ट्रेक आहे. उरते ते मधले अंतर. फुले योजनेच्या पॅकेजांची यादी पुढच्या वेळी सुधारताना राज्याच्या आरोग्य विभागाने त्यात परतलेल्या रोगाची पेशी-तपासणी, ब्लॉक तयार करणे आणि तो पाठवणे यासाठी स्वतंत्र रक्कम घालावी, आणि तपासणीच्या फेऱ्यांसाठी रुग्ण व सोबत्याचे एसटी भाडेही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधीपासून असलेल्या तंत्रज्ञाला पाणी फिरवून गाळ फॉर्मेलिनमध्ये घालायला शिकवणे फार दिवसांचे काम नाही. मेणात पुरण्याचे काम नाशिकला किंवा लोणीच्या प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी होऊ शकते. सुरुवात एका तालुक्यापासून करायची असेल तर अकोले घ्यावा. पहिल्या वर्षी किती बायकांचे पाणी आले, किती ब्लॉक पेशी नसल्याने वाया गेले आणि किती जणींचे औषध त्यामुळे बदलले, एवढे तीन आकडे विभागाने जाहीर करावेत.